पाच दिवसांत भोपळ्याच्या तोंडाचं बोळकं का होतं?

2024 ला आमच्याकडे न्यू जर्सीत दिवाळी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले, 31 ऑक्टोबरला. त्यामुळे पोर्चमध्ये वर आकाशकंदील आणि खाली पायरीवर कोरलेला भोपळा असा थाट होता. भोपळा आदल्या शनिवारी कोरलेला, वर तीन खाली तीन टोकदार दात, तिरके डोळे, लेक जाम खूश. गुरुवारी संध्याकाळी पणत्या लावायला बाहेर आलो तर राक्षसाचे दात आत वळलेले, गाल बसलेले, हनुवटी वर सरकलेली. लेक म्हणाली, "बाबा, हा आजीसारखा का दिसतोय?" माझी आई तेव्हा इथेच आली होती आणि नेमकी कवळी काढून बसली होती, तिचं नशीब.

बघणारा जो तो म्हणत होता की कुजला. मला ते पटेना. मी वास घेतला, बोट घालून बघितलं, बुरशी नाही, बुळबुळीतपणा नाही, वास कच्च्या काकडीचा. म्हणजे कुजणं अजून सुरूच झालं नव्हतं आणि तोंडाचं बोळकं मात्र झालं होतं. ही दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि मला यातलं बोळक्याचं जास्त आवडतं, त्यामुळे लेखातला बराचसा भाग तेच खाणार आहे, आधीच सांगतो.

थोडा इतिहास, पटकन. कंदील कोरायची रीत आयर्लंड-स्कॉटलंडची, आणि तिकडे भोपळा नव्हता, सलगम कोरायचे. सलगम आतून भरीव आणि टणक, कोरताना मनगटं जायची. तिथली माणसं अमेरिकेत आली तेव्हा त्यांना आयता पोकळ भोपळा मिळाला. जॅक-ओ-लँटर्न हे कोरलेल्या भोपळ्याचं नाव त्याआधी दलदलीवर दिसणाऱ्या भुताटकीच्या उजेडालाही होतं, म्हणजे आपल्या कोकणातल्या चकव्याचा लांबचा भाऊच म्हणा. आणि भोपळा मूळचा अमेरिकेचाच. मेक्सिकोतल्या ओआहाका भागातल्या एका गुहेत सापडलेल्या त्याच्या बिया साधारण 10,000 वर्षांपूर्वीच्या आहेत. आपला लाल भोपळाही कोलंबसानंतरच इकडे आलाय, जुना आपला तो दुधी. कोरायचा भोपळा आणि आपला भाजीचा भोपळा एकाच कुळातले पण जाती बहुतेक वेळा वेगळ्या. आईने कोरताना निघालेल्या गराचे घारगे करायला घेतले तर इतके पाणचट झाले की तिने "नुसता दिसायला मोठा" म्हणून त्याचा निकाल लावला.

आता मुद्दा. भोपळ्याच्या गरात वजनाने नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तरी तो कडक असतो, पाण्याच्या पिशवीसारखा लिबलिबीत का नाही? कारण ते पाणी कोट्यवधी पेशींमध्ये दाबाने भरलेलं असतं. सायकलचं चाक डोळ्यासमोर आणा. आतली ट्यूब म्हणजे पेशीचं पटल, बाहेरचं टायर म्हणजे पेशीभित्तिका. पेशीच्या आत साखर, पोटॅशियम वगैरे विरघळलेलं असतं म्हणून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं (शाळेतलं परासरण, मनुका पाण्यात फुगतात तेच), ट्यूब फुगून टायरला आतून रेटते आणि चाक टणक होतं. ताज्या पानाच्या पेशीत हा दाब पाच-सहा वातावरणांएवढा (एक वातावरण म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेचा नेहमीचा दाब) सहज असतो, कारच्या टायरमध्ये आपण भरतो तो दोनच्या आसपास. पिकलेल्या फळात कमी असतो, पण तत्त्व तेच. म्हणजे भोपळा उभा आहे तो हवा भरलेल्या टायरसारखा, फक्त हवेच्या जागी पाणी. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ आधी लावलं की काकडी मऊ पडते आणि वाटीत पाणी सुटतं, तिथे आपण हेच टायर पंक्चर करत असतो.

अख्ख्या भोपळ्यात हे पाणी बाहेर जात नाही कारण सालीवर मेणाचा पातळ थर आहे आणि खाली जाड भिंतींच्या दाट पेशी. आतली पोकळीही बंद, दमट. आपण झाकण कापतो, आतला गर खरवडतो, डोळे-तोंड कोरतो, आणि एका दुपारीत ज्या गराने जन्मात कोरडी हवा पाहिली नाही त्याला सगळीकडून हवा लागते.

आणि कोरडी हवा पाणी किती जोरात ओढते याचा आकडा काढला की मला दरवेळी मजा वाटते. (गणित नको असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी.) 20 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता, म्हणजे अगदी साधी सुखद हवा घेतली, आणि तिची पाणी ओढायची ताकद दाबाच्या भाषेत मांडली, तर सूत्र असं की 135 मेगापास्कल गुणिले आर्द्रतेच्या अपूर्णांकाचा नैसर्गिक लॉगॅरिदम. अर्ध्याचा लॉग उणे 0.69, म्हणजे उत्तर उणे 94 मेगापास्कलच्या जवळ, म्हणजे 900 वातावरणांच्या वर! गराच्या पेशी आपल्या बाजूने जेमतेम पाच-दहा वातावरणांएवढी ओढ लावू शकतात. रस्सीखेचच नाही ही, एका बाजूला ट्रॅक्टर आहे. आर्द्रता 99 टक्के केली तरी हवेची ओढ 13 वातावरणांच्या आसपास उरते. म्हणूनच कोरलेला भोपळा रात्री प्लास्टिकच्या पिशवीत बांधून थंड जागी ठेवला तर बराच टिकतो, पिशवीतली हवा दमट होते आणि ट्रॅक्टरचं इंजिन बंद पडतं.

पण नुसतं पाणी गेलं तर भोपळा सगळीकडून सारखा आक्रसायला हवा, दात आतच का वळतात? इस्त्रीचा थर्मोस्टॅट आठवा, त्यात दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते, तापली की एक धातू जास्त प्रसरण पावतो आणि पट्टी वाकते. भोपळ्याची भिंत म्हणजे तशीच जोडपट्टी. बाहेरची साल पाणी सोडत नाही म्हणून तिची लांबी तेवढीच राहते, आतला गर सुकून आखडतो, दोघं एकमेकांना चिकटलेले, मग एकच मार्ग उरतो, आखडलेल्या बाजूकडे वाकायचं. म्हणजे आत. दरवेळी आतच. टिमोशेंको नावाच्या इंजिनिअरने 1925 मध्ये द्विधातू पट्टीचं गणित मांडलं त्यात दिसतं की पट्टीचा बाक दोन थरांच्या आखडण्यातल्या फरकावर आणि पट्टीच्या जाडीवर ठरतो, पट्टी जितकी पातळ तितका बाक जास्त. आणि एकदा बाक ठरला की टोक किती सरकणार ते लांबीच्या वर्गाप्रमाणे. हे वाक्य कोरणाऱ्याने फ्रीजवर चिकटवावं असं आहे. दात दुप्पट लांब केला तर त्याचं टोक दुप्पट नाही, चौपट आत जाणार. गर सालीपेक्षा दहा टक्के जास्त आखडला आणि भिंत अडीच सेंटिमीटर जाड धरली तर ढोबळ हिशोबाने 2 सेंटिमीटरचा दात मिलिमीटरभर आत जातो, कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि 4 सेंटिमीटरचा जवळजवळ अर्धा सेंटिमीटर. आमचे दात लांबच्या लांब होते, वर लेकीला उजेड जास्त हवा म्हणून मी भिंत खरवडून खरवडून पातळ केली होती. दोन्ही चुका एकदम.

तेव्हा डिझाईन करताना दात आखूड आणि बुडाशी रुंद ठेवा, भिंत इंचभर जाड राहू द्या, आणि जिथे उजेड हवा पण आरपार भोक नको तिथे नुसती साल आणि थोडा गर तासा, तिथून केशरी उजेड झिरपतो आणि तो भाग सुटून लोंबकळतही नाही. झाकणाचा काप तिरका, सुरी आतल्या बाजूला कलती धरून, नाहीतर दुसऱ्याच दिवशी आखडलेलं झाकण धप्पकन आत पडतं. कोरायला किचनमधली मोठी सुरी घेऊ नका, दात्यांची छोटी करवत मिळते ती घ्या, सुरी साल फोडताना अडकते आणि सुटली की बोटावर येते.

आता यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे बोळकं परत सरळ होतं! शुक्रवारी रात्री मी भोपळा बादलीत गार पाण्यात बुडवून ठेवला, सकाळी दात बरेचसे जागेवर. कारण कोरलेला भोपळा मेलेला नसतो, पेशी जिवंत असतात, पटल शाबूत असतं, पाणी मिळालं की परत फुगतात. मलूल कोथिंबिरीची जुडी पाण्यात ठेवल्यावर ताठ होते तसंच. पण तीच कोथिंबीर आमटीत उकळल्यावर कितीही पाण्यात ठेवा, नाही होणार, कारण उष्णतेने पटलच फाटलं. मेणबत्ती तेच करते. साधी मेणबत्ती 80 वॅटच्या आसपास उष्णता सोडते, ती बरीचशी वर झाकणाला लागते आणि झाकण अक्षरशः शिजतं. कडाक्याची थंडी पडली तरी तेच, बर्फाचे कण पटल फोडतात. म्हणून एलईडीचा दिवा बरा. इंटरनेटवर "हेअरस्प्रे मारा, महिनाभर टिकेल" असले उपाय फिरतात, त्यावर एवढंच की पेट घेणारा फवारा मारून त्यातच ज्योत ठेवायची कल्पना ज्याची कोणाची असेल त्याने ती स्वतःच्याच पोर्चमध्ये करावी. कापलेल्या कडांना व्हॅसलिन लावलं तर बाष्पीभवन खरंच कमी होतं, मेणाचा गेलेला थर आपण परत दिल्यासारखं आहे ते, पण तेही एलईडीबरोबरच.

मेणाचा थर म्हटल्यावर कोहळा आठवला. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून दुकानाच्या, घराच्या दारावर कोहळा टांगतात, तो महिनोन् महिने टिकतो, आणि कधी सडला की लोक म्हणतात, बघा, वाईट नजर त्याने स्वतःवर घेतली. आई त्या गुरुवारी हेच म्हणाली, भोपळ्याने दृष्ट घेतली. कोहळ्यावर जी पांढरी भुकटी असते ना, हाताला लागते ती, ते त्याचं मेण. देठाशी खरचटलं, टांगताना दोरीने साल कापली, की तिथून बुरशी आत शिरते आणि तो सडतो. ज्या कोहळ्याला ओरखडा नाही तो टिकतो, मग दुकानदाराचा धंदा कसाही चालो. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग ओरखडा कोणाच्या नजरेने पडला?" यावर माझ्याकडे सूत्र नाही.

खरं कुजणं त्यानंतरचं. पेशी एकमेकींना चिकटवणारा पदार्थ असतो पेक्टिन, जॅम घट्ट होतो तो याच्यामुळे, आणि कॅल्शियम त्याच्या साखळ्या एकमेकांना बांधून ठेवतं. पेठा करताना कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत भिजवतात त्या यासाठीच, फोड पाकात शिजली तरी कुरकुरीत राहते. बुरशी नि बॅक्टेरिया पेक्टिन तोडणारं एन्झाईम सोडतात, सिमेंट विरघळलं की विटा सुट्या, मग बुळबुळ, वास, आणि खाली पायरीवर केशरी डबकं. आमचा भोपळा त्या अवस्थेला पोचलाच नाही, रविवारी सकाळी खारींनी उजवा डोळा आणि अर्धा गाल खाऊन टाकला.

पुढच्या वर्षी लेकीने डाव उलटवला. मुद्दाम लांब दात, मुद्दाम पातळ भिंत, कोरायचं पाच दिवस आधी, आणि बादली नाही. पहिल्या दिवशी दात मोजून फोटो, मग रोज एक फोटो. 31 तारखेपर्यंत बोळकं व्यवस्थित झालं, तिने त्याला माझा जुना चष्मा लावला, डोक्यावरून आईचा पदरासारखा रुमाल घेतला आणि मिरजेला व्हिडिओ कॉल लावला. आई बघत राहिली, मग म्हणाली, "कवळी पाठवू का?"