नायट्रोजन टेस्टमध्ये रात्रीतून दाब उतरला, तर गळतीच समजायची का?

एसीची तांब्याची पाइपलाइन जोडून झाली की आम्ही तिच्यात कोरडा नायट्रोजन भरतो, २४ तास ठेवतो आणि गेजवरचा आकडा तुम्हाला दाखवतो. सकाळी काटा खाली आलेला दिसला की साहजिकच जॉइंटवर संशय जातो. पण आधी दोन्ही वेळचं तापमान बघा.

आदर्श वायूचा नियम असा: दाब × आकारमान = मोल (वायूचं प्रमाण) × वायू स्थिरांक × तापमान. बंद पाइपचं आकारमान बदलत नाही आणि गळती नसेल तर आतला नायट्रोजनही तेवढाच राहतो. म्हणजे दाब फक्त तापमानाच्या प्रमाणात वरखाली होतो. हिशोबात तापमान केल्विनमध्ये घ्यायचं (सेल्सिअस + २७३) आणि दाब निरपेक्ष, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाबही धरून (गेज + १४.७ पीएसआय; पीएसआय हे दाबाचं एकक).

समजा, दुपारी ३४ अंशांना गेजवर ५५० पीएसआय होते आणि पहाटे पाइप २४ अंशांवर आला.

५५० + १४.७ = ५६४.७
५६४.७ × २९७ ÷ ३०७ = ५४६.३
५४६.३ − १४.७ = ५३१.६

म्हणजे १८ पीएसआय नुसत्या थंडाव्यानेच गेले. अंशाला साधारण १.८. गेजवर ५३२ च्या आसपास आकडा असेल तर लाइन ठीक आहे. ५१५ दिसले तर गळती आहे, मग फ्लेअर नट (पाइपचं पसरवलेलं तोंड आवळणारे नट) आणि ब्रेझिंगचे (धातू वितळवून जोडलेले) जॉइंट साबणाच्या पाण्याने तपासायचे.

हिशोब सर्वात जास्त चुकतो तो सेल्सिअस तसंच वापरल्याने: ५५० × २४ ÷ ३४ केलं तर ३८८ येतात आणि गळक्या लाइनमध्येही ‘गळती’ नाही असं वाटू लागतं. १४.७ विसरल्याने इथे जेमतेम अर्धा पीएसआय फरक पडतो, तो गेजवर दिसणारही नाही.

तापमान मोबाइलवरच्या हवामानाचं घेऊ नका, पाइपचं घ्या. गच्चीवर उन्हात तापलेला पाइप हवेपेक्षा बराच गरम असतो, आणि अर्धी लाइन उन्हात, अर्धी घरात असेल तर एकच तापमान धरून केलेला हिशोब ढोबळच राहतो. म्हणून आमचा आग्रह असतो की दोन्ही नोंदी पहाटे, ऊन चढण्याआधी घ्याव्यात. नायट्रोजन भरल्यावर लगेच नोंद करू नये. अर्धा तास थांबून गॅस पाइपच्या तापमानाला येऊ द्यावा. गेजवर रेषा दर १० पीएसआयला असतील, तर २-३ पीएसआयच्या फरकावर कुठलाही निष्कर्ष काढू नये.

टेस्टचा दाब किती ठेवायचा हे मशिनच्या कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणेच ठरवायचं. सिलिंडरमध्ये त्याच्या कितीतरी पट दाब असतो, त्यामुळे रेग्युलेटरशिवाय जोडणी नाही. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही वापरू देऊ नका: तेलाशी संपर्क आला की स्फोट होतो.

हा हिशोब रेफ्रिजरंट (एसीतला थंडावा देणारा गॅस) भरल्यानंतर चालत नाही. सिस्टिममध्ये द्रव आणि वाफ एकत्र असतात, तेव्हा बंद मशिनचा दाब तापमानावर ठरतो, गॅस किती उरलाय यावर नाही. तिथे गॅस काढून वजनकाट्यावरच मोजावा लागतो.