हा दिवस, हे दिवस: पर्लमधल्या चिन्हांची पार्श्वभूमी

पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा. व्हेरिएबलच्या, म्हणजे मूल्य साठवायच्या जागेच्या, नावाआधी डॉलर लावायची सवय तिला युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या शेलकडून, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडून, लागली. १९७९च्या शेलमध्ये मूल्य देताना नाव नुसतं, वापरताना मात्र आधी $. बरोबरच्या चिन्हाआधी जागा सोडली की शेल त्या नावाला कमांड समजतो; आजही. बेसिक या भाषेतही डॉलर होता, पण नावाच्या शेपटाला, स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराची, खूण म्हणून. तो धागा वेगळा.

१९८७ला पर्ल आली आणि चिन्ह मूल्य देताना आणि वापरताना, दोन्हीकडे सक्तीचं झालं. एकट्या मूल्याला $, ॲरेला (क्रमाने लावलेल्या मूल्यांच्या यादीला) @, हॅशला (नावाने मूल्य शोधायच्या संचाला) %. इथवर कुणाची तक्रार नव्हती. भांडण आहे ते पुढच्या निर्णयाचं: @दिवस या ॲरेतला पहिला घटक हवा असेल तर लिहायचं $दिवस[०]; मोजणी शून्यापासून.

खरं तर मराठी माणसाला हे चटकन कळायला हवं. 'दिवस' हा शब्द एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच. एक की अनेक, ते आधीचा 'हा' किंवा 'हे' सांगतो. पर्लचं चिन्ह नेमकं तेच करतं. साठवलंय काय ते नाही, आत्ता हाती एक येणार की अनेक, ते सांगतं. म्हणून दोन घटक एकदम काढले की @दिवस[१, २]. तर्क चोख. गोची अशी की $दिवस नावाचं एकटं व्हेरिएबलही त्याच प्रोग्रॅममध्ये सुखाने नांदतं आणि $दिवस[०]चा त्याच्याशी काडीचा संबंध नसतो. चौकोनी कंस नजरेतून निसटला की बसा शोधत. नवशिक्यांनी बोटं मोडली ती उगाच नव्हेत.

१९९४च्या पाचव्या आवृत्तीने आणखी एक घोळ घातला. दुहेरी अवतरणचिन्हांतल्या मजकुरातला @ तोवर त्या नावाचा ॲरे असेल तरच ॲरे ठरायचा; आता सरसकट ठरू लागला. ई-मेल पत्ते असलेल्या जुन्या स्क्रिप्ट अडल्या, @आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागली.

नंतरच्या भाषांनी आपापली वाट काढली. १९९५च्या पीएचपीने सगळ्यालाच $ लावून विषय मिटवला. तिथे नावात १२७च्या वरचे बाइट, म्हणजे इंग्रजीबाहेरची अक्षरंही, चालतात, त्यामुळे $दिवस हे देवनागरीतही खरोखर चालतं. रुबीने चिन्हं ठेवली, अर्थ बदलले: $ म्हणजे ग्लोबल, प्रोग्रॅमभर दिसणारं व्हेरिएबल; @ म्हणजे एखाद्या ऑब्जेक्टचं स्वतःचं. पायथनने काहीच घेतलं नाही.

पर्लच्या सहाव्या आवृत्तीने मात्र सरळ माघार घेतली. २०१५ला ती स्थिर रूपात आली तेव्हा पहिला घटक @दिवस[०] झाला होता, चिन्ह नावाला कायमचं चिकटलं होतं. २०१९ला तिला राकू हे नाव मिळालं. पाचवी आवृत्ती आजही $दिवस[०]च लिहायला लावते.