कपाट रिकामं का होतं?

सरकारी दवाखान्यात औषध नाही अशी बातमी आली की प्रतिक्रिया ठरलेली: निधी नसेल, नाहीतर कोणीतरी खाल्ला असेल. दोन्ही शक्य आहे. पण निधी आहे, कोणी खाल्लेलाही नाही, आणि तरी कपाट रिकामं, असंही होतं. त्यामागचं गणित मला भलतंच आवडतं.

समजा, एका गोळीचा रोजचा खप सरासरी १००, प्रमाण विचलन, म्हणजे खप सरासरीपासून साधारण किती वरखाली होतो त्याचं माप, २०. मागणी नोंदवल्यावर माल यायला ३० दिवस लागतात. म्हणजे मागणी करताना ३,००० गोळ्या शिल्लक हव्यात, वर थोडा राखीव साठा. माल बरोब्बर तिसाव्या दिवशी येणार असेल, तर ३० दिवसांच्या खपाचं विचलन २० गुणिले ३०चं वर्गमूळ, सुमारे ११०. शंभरातल्या ९५ खेपांना टंचाई टाळायची तर त्याच्या १.६५ पट, साधारण १८० गोळ्या राखीव पुरतात.

आता माल येण्याच्या मुदतीतच १० दिवसांचं विचलन धरा. त्याचा वाटा १०० गुणिले १०, म्हणजे १,०००. दोन्ही विचलनांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की सुमारे १,००६. राखीव साठा लागतो १,६६०! रुग्ण तेवढेच, गोळी तीच, साठा नऊपट. तेवढा ठेवला तर काही माल मुदतबाह्य होणार, न ठेवला तर कपाट रिकामं.

ही अनिश्चितता बऱ्याचदा कार्यालयातच तयार होते. बिलं थकली की पुरवठादार आधी रोकड देणाऱ्याला माल धाडतो. कोणत्या रकमेपर्यंत कोणी सही करायची आणि बिल किती दिवसांत चुकतं करायचं, हे वरिष्ठांनी ठरवायचं असतं. १९९४ साली स्थापन झालेल्या तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाने खरेदी एकत्र केली, पण गोदामं जिल्ह्यांत ठेवली. रुग्णालयांना पासबुकं दिली: रकमेच्या मर्यादेत हवं ते औषध उचला.

हल्ली यावर ‘एआय बसवा’ हा उपाय सुचवला जातो. बसवा की! पण महिन्यातले १० दिवस औषध नव्हतं, तर वहीत खप २,००० दिसतो, ३,००० नाही. त्यावरून पुढची मागणी २,०००ची जाते, औषध आणखी लवकर संपतं आणि वहीतला आकडा अजून घसरतो. संगणक टंचाईलाच मागणी समजतो. उपाय चौथीतल्या भागाकाराचा आहे: २,००० ला ३०ने नाही, औषध प्रत्यक्ष उपलब्ध होतं त्या २० दिवसांनी भागायचं. त्यासाठी ‘आज औषध संपलं’ ही तारीख भांडारपालाने लिहायला हवी, आणि ती लिहिल्याबद्दल त्याला कारणे दाखवा नोटीस जायला नको.