कॉर्फ : सुरुंगांनी पाडलेला किल्ला

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, डॉर्सेटमध्ये, कॉर्फचा किल्ला आहे. त्याच्या बाहेरच्या तटाचे काही बुरूज उताराकडे असे कलले आहेत, की आता कोसळतीलच असे वाटावे. पण याच अवस्थेत ते पावणेचारशे वर्षांहून अधिक काळ उभे आहेत. पडका किल्ला पाहिला की आपण दोष काळाला देतो. इथे मात्र नासधूस माणसांनी ठरवून केली, आणि ती कशी केली हे भिंतींवरून आजही कळते.

आधी जागा पाहू. पर्बेक टेकड्यांची पांढऱ्या खडूच्या खडकाची रांग पूर्व-पश्चिम पसरली आहे. या रांगेला दोन ओढ्यांनी शेजारीशेजारी कापले आणि मधला तुकडा सुटा उरला. सुमारे ५५ मीटर उंचीची ही टेकडी खिंडीतल्या वाटेच्या बरोबर मधोमध येते. विल्यम द कॉन्करर या राजाने अकराव्या शतकात इथे किल्ला बांधायला घेतला. त्या काळी तिकडचे बहुतेक किल्ले माती-लाकडाचे असत. कॉर्फचा काही भाग सुरुवातीपासून दगडी होता. बाराव्या शतकाच्या आरंभी राजा पहिल्या हेन्रीने माथ्यावर पर्बेकच्या चुनखडकातला २१ मीटर उंच बालेकिल्ला उभारला. ११३९ मध्ये राजा स्टीफनने वेढा घातला, पण किल्ला पडला नाही. वेढ्यासाठी रचलेले मातीचे बांध जवळच्या शेतात अजून दिसतात. बालेकिल्ल्याइतकेच मोलाचे हे अवशेष आहेत, पण तिकडे फार थोडी पावले वळतात.

पुढे १५७२ मध्ये एलिझाबेथ राणीने किल्ला विकला आणि १६३५ मध्ये तो सर जॉन बँक्स यांच्याकडे आला. राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली तेव्हा बँक्स राजाच्या बाजूने होते. १६४३ मध्ये ते घरी नसताना पार्लमेंटच्या फौजेने वेढा दिला. लेडी मेरी बँक्स यांनी जेमतेम ८० जणांच्या शिबंदीवर किल्ला लढवला. तटावरून दगड आणि धगधगते निखारे खाली ओतले गेले. सहा आठवड्यांनी वेढा उठला. दुसऱ्या वेढ्यात, १६४६ च्या फेब्रुवारीत, किल्ला गेला तो फितुरीने. कुमक म्हणून आत घेतलेली माणसे शत्रूची निघाली. मार्चमध्ये पार्लमेंटने हुकूम काढला : हा किल्ला पुन्हा कुणाला लढवता येणार नाही असा करून टाका.

खरी गंमत इथून पुढे आहे. मध्ययुगीन तट म्हणजे दोन बाजूंना घडवलेले चिरे आणि मध्ये दगडगोटे व चुन्याचा भराव. चुनखडक भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. उरलेला चुना पाण्यात विरवून वाळूत मिसळला की तो हवेतला तोच वायू हळूहळू परत शोषतो आणि पुन्हा दगड होतो. जाड भिंतीच्या गाभ्यापर्यंत ही क्रिया पोहोचायला वर्षानुवर्षे लागतात. १६४६ पर्यंत कॉर्फच्या भिंतींना शतके मिळाली होती. भराव आणि चिरे मिळून एकसंध ठोकळा झाला होता.

असा ठोकळा वरून फोडणे जिकिरीचे असते. म्हणून पायाशी खड्डे खणले, त्यांत बंदुकीची दारू ठासली आणि बत्ती दिली. एका बाजूचा आधार गेला की भिंत चुरा न होता अख्खी त्या बाजूला कलते. तिच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा उरलेल्या पायाच्या आत पडला, तर ती तिरकी का होईना, उभी राहते. बाहेर गेला तर आडवी होते. कॉर्फला दोन्ही प्रकार शेजारीशेजारी आहेत. नैर्ऋत्य दरवाजा तर पाहावाच असा आहे. त्याचा अर्धा भाग उभाच्या उभा उतारावर खाली सरकला, त्यामुळे कमानीच्या दोन बाजू आता एकमेकींशी जुळत नाहीत. माझ्या मते संपूर्ण किल्ल्यातला हा सर्वांत बोलका अवशेष आहे.

सुटे झालेले घडीव चिरे गावातल्या घरांच्या भिंतींत गेले. बँक्स कुटुंबाला मालमत्ता परत मिळाली, पण त्यांनी नवे घर किंग्स्टन लेसी इथे बांधले. किल्ल्याच्या किल्ल्या तिथेच जपून ठेवल्या आहेत.

१९८० च्या दशकापासून किल्ला नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. २००६ मध्ये बालेकिल्ल्याची अवस्था इतकी बिघडली, की तो २००८ पर्यंत लोकांना बंद ठेवावा लागला. चिऱ्यांचे कवच गेलेल्या भिंतीत पावसाचे पाणी थेट भरावात उतरते, थंडीत गोठून फुगते आणि सांधे उकलत जाते. फटींत रुजलेली झुडपे उरलेले काम करतात. अशा बांधकामाच्या दुरुस्तीत सिमेंट टाळतात. ते चुन्यापेक्षा कडक असते, ओल आत कोंडते आणि शेजारचा दगडच झिजू लागतो. म्हणून सांधे चुन्यानेच भरायचे असतात, आणि ठरावीक काळाने पुन्हा भरायचे असतात.