दोषारोपपत्र, दोषारोप आणि वकील गाठण्याची वेळ

"चार्जशीट येऊ द्या, मग वकील बघू." तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात आरोपीच्या घरच्यांकडून हे वाक्य फार वेळा कानावर पडते. गुन्हा नोंदवला ही नुसती सुरुवात, खरा आरोप चार्जशीटमध्ये, आणि वकिलाचे काम तिथून पुढे, असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात तोवर पीसीआर (पोलीस कोठडी) होऊन एमसीआर (न्यायालयीन कोठडी) चालू असतो, जबाब-पंचनामे कागदावर आलेले असतात आणि जामिनाची एक हक्काची संधीही कदाचित निघून गेलेली असते. या गैरसमजाच्या मुळाशी एक शब्द आहे.

तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात जो कागद, म्हणजे ही चार्जशीट, दाखल करतात, त्याला वृत्तपत्रे कधी आरोपपत्र म्हणतात, कधी दोषारोपपत्र. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ मध्ये मात्र तो साधा 'अहवाल' होता. दोषारोप ही त्यानंतरची, सर्वस्वी वेगळी पायरी, आणि तो न्यायाधीश ठेवतात. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक कृत्य केले, सबब अमुक कलमाखाली शिक्षेस पात्र गुन्हा केला, असा मजकूर आरोपीला पुढे बोलावून वाचून दाखवतात, समजावून सांगतात आणि विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" तो "नाही" म्हणतो, सही किंवा अंगठा घेतला जातो, पुढची तारीख पडते. सगळे मिळून दोन-चार मिनिटांचे काम. पण पोलिसांनी लावलेली कलमे न्यायाधीशांवर बंधनकारक नसतात. एखादे कलम गळते, एखादे वाढते, आणि खटला चालवण्याइतका आधारच दिसला नाही तर आरोपी तिथेच सुटतो. वकील ज्याला 'डिस्चार्ज' म्हणतात तो हाच. साक्षीपुरावे होऊन निकालात मिळणारी निर्दोष मुक्तता निराळी.

पोलिसांच्या कागदाच्या नावातच 'दोषारोप' बसल्यामुळे मोठा घात होतो. "दोषारोपपत्र दाखल" ही बातमी वाचून गावाने, सोयऱ्यांनी, नोकरीच्या ठिकाणच्या वरिष्ठांनी न्यायालयालाच दोष दिसला असा अर्थ घ्यायचा, आणि त्या वेळी न्यायाधीशांनी त्या प्रकरणात दोषाबद्दल एक ओळही लिहिलेली नसायची. त्या कागदाला मराठीत 'तपास अहवाल' म्हणावे, असे माझे ठाम मत आहे.

या कागदाचे खरे महत्त्व घड्याळाशी आहे. १८९८ च्या संहितेत तपासासाठीची कोठडी जास्तीत जास्त १५ दिवसांची होती. तेवढ्यात तपास उरकत नसे, मग पोलीस अर्धेमुर्धे 'प्राथमिक' चार्जशीट दाखल करत, खटला तहकूब राही आणि माणूस आतच राही. यावर उपाय म्हणून १९७३ च्या संहितेने मुदत वाढवून ६० दिवस केली. १९७८ च्या दुरुस्तीने गंभीर गुन्ह्यांसाठी ती ९० दिवसांवर नेली. त्या बदल्यात आरोपीला एक हक्क मिळाला: मुदतीत अहवाल आला नाही, तर जामीन द्यावाच लागतो. पण तो मागावा लागतो. अर्ज करण्याआधी पोलिसांनी अहवाल दाखल केला, तर हक्क गेला. 'चार्जशीट येऊ द्या' म्हणणारे कुटुंब नेमका हाच दिवस हातचा घालवते.

अर्धवट चार्जशीटचा जुना प्रश्न मिटला असे वाटत असताना एप्रिल २०२३ मध्ये तो पुन्हा वर आला. तपास पुरा न करता केवळ मुदत गाठण्यासाठी अहवाल दाखल केला, तर त्याने जामिनाचा हक्क मारला जात नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने दिला. काही दिवसांतच तपास यंत्रणेच्या विनंतीवरून त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने त्या निकालावर विसंबलेले अर्ज पुढे ढकलण्याचा अंतरिम आदेश दिला. मे महिन्यातच खुलासाही आला, की त्या निकालाचा आधार न घेता न्यायालये असा जामीन देऊ शकतात. आतल्या माणसासाठी हे दिवस मोजूनमापून काढलेले असतात, आणि कायदा इतका झुलता राहणे मला अन्यायाचे वाटते.

१ जुलै २०२४ पासून १९७३ च्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि घड्याळे वाढली. डिस्चार्जच्या अर्जाला ६० दिवसांची मुदत आली. पोलीस कोठडीचे १५ दिवस आता पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येतात, म्हणजे एमसीआर झाला म्हणून निर्धास्त होण्याचे दिवस संपले.

वकिलाच्या हक्काचा प्रवास त्या मानाने सरळ आहे. आपल्या पसंतीचा वकील देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे, पण त्याचे पैसे कोणी द्यायचे यावर तिथे काही नाही. १९७३ च्या संहितेने सरकारी खर्चाने वकील देणे सक्तीचे केले ते फक्त सत्र न्यायालयापुरते. पुढे १९८१ मध्ये, भागलपूरच्या डोळे फोडलेल्या कैद्यांच्या प्रकरणात, ही मदत आरोपीला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढे उभे करतात त्या क्षणापासून द्यायची असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. १९८६ मध्ये, त्याने मागितली नाही ही सबब चालणार नाही, असेही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४१ मध्ये 'सत्र' हा शब्द गळला आणि सगळी न्यायालये त्यात आली.

१९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकिलाला पात्र ठरवले. यातले कोठडीचे कलम घरच्यांना बहुधा माहीतच नसते. २०२२ पासून तर जिल्ह्याजिल्ह्यांत पगारी, पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना आली. आपल्याकडे त्यांना लोक अभिरक्षक म्हणतात, आणि ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवेच्या कार्यालयातून मिळतात.

स्वतःच्या खर्चाने वकील शोधणाऱ्याची अडचण वेगळी. वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८ मध्ये नाव, पत्ता, सराव कोणत्या क्षेत्रात अशी ठरावीक माहितीच संकेतस्थळावर देण्याची मुभा मिळाली. क्रमवारी लावून वकील 'पुरवणाऱ्या' ऑनलाइन सेवांविरुद्ध दक्षिणेतल्या एका उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कडक आदेश दिला. त्यामुळे उरते ती ओळखपाळख: बार रूममध्ये चौकशी करणे, त्याच कोर्टात फौजदारी कामे रोज चालवणारा कोण ते दोन-तीन तारखा बसून पाहणे, वकीलपत्रावर सही करण्याआधी फी कोणत्या टप्प्यापर्यंतची ते विचारणे. ही पोकळी पोलीस ठाण्याच्या दारातला दलाल भरतो: "आपला माणूस आहे, लावून देतो." हा दलाल आजचा नाही. १८७९ च्या वकिली व्यवसायाच्या कायद्याखाली न्यायालये अशा दलालांच्या याद्या करून भिंतीवर लावू शकत. तो कायदा आता रद्द झाला आहे, पण याद्यांची तरतूद २०२३ च्या दुरुस्तीने वकिलांच्या १९६१ च्या कायद्यात घेतली आहे.