फोर व्हील ड्राइव्ह गाडी डायनोवर चढवली तर खराब होते का?

रिमॅपला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवायला, आलेला माणूस चावी हातात देताना हमखास विचारतो, गाडीला काही होणार नाही ना. काळजी बरोबर आहे. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले रोलर, त्यावर गाडी जागच्या जागी पळते आणि चाकावर किती ताकद येते ते कळतं, त्यानं गाडी मरत नाही, पण चुकीच्या डायनोवर चढवली तर मात्र नक्की मरू शकते.

कसं ते सांगतो. ऑडी टीटीसारख्या गाडीत मागच्या चाकांकडं ताकद पाठवायला तेलात बुडालेलं क्लच प्लेटांचं कपलिंग असतं, बीएमडब्ल्यू एम३४०आयमध्ये तसलाच क्लच ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे ताकद पुढं-मागं वाटणाऱ्या डब्यात, असतो. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या स्पीडनं फिरायला लागली की या प्लेटा घासतात. रस्त्यावर हे क्षणभर होतं, वळणावर किंवा घसरताना. पण पुढचे-मागचे रोलर एकमेकांना जोडलेले नसले तर पूर्ण रनभर हेच चालू राहतं, तेल तापतं, प्लेटा जळतात. दोनच रोलरवर चढवणं तर विसराच, जमिनीवरची चाकं ओढ घेतात आणि गाडी उडी मारून बाहेर येते. काहीजण प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडं ताकद नेणारा दांडा, काढून भागवतात, पण जुन्या मॅन्युअल सुबारूत मधे व्हिस्कस कपलिंग, म्हणजे घट्ट तेलावर चालणारं कपलिंग, असतं, शाफ्ट काढला की सगळा भार त्या एकट्यावर.

आमच्याकडं अशी एक गाडी आली होती, दुसरीकडं टेस्ट करून आणलेली. कपलिंगचं तेल काढलं तर काळंकुट्ट, बोटावर घेतलं तर जळका वास आणि चमकणारी बारीक भुकटी. मालकाचा चेहरा बघवत नव्हता.

थार, जिम्नीवाल्यांनी घाबरू नका, टूएच, म्हणजे दोनच चाकांना ताकद, टाकलं की ती मागच्या चाकांची गाडी.

टायरचं मात्र मनावर घ्या. मागं नवीन टायर, ८ मिमी नक्षी, आणि पुढं घासून ३ मिमी राहिलेली, म्हणजे व्यासात १० मिमीचा फरक. मागचं चाक १०० फेरे मारेपर्यंत पुढचं साधारण १०१.५ मारतं, हा फरक कपलिंगच सोसतं. म्हणून आम्ही आधी चारही टायर मोजतो, हवा बघतो, ईएसपी, म्हणजे गाडी घसरू न देणारी सिस्टीम, रोलर मोडला टाकतो आणि मगच पट्टे बांधतो, तेही आवळून नाही.

दुसरा शत्रू गरमी. हायवेला १०० च्या स्पीडला जेवढी हवा इंटरकूलरवर, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीवर, येते तेवढी पंख्यानं येत नाही, त्यात आपल्या सोलापूरचा मे महिना, पारा ४२ वर, इंजिन नॉक करायला, म्हणजे आत पेट्रोल अवेळी पेटून ठोकायला, वेळ लागत नाही आणि ताकदीचा आकडाही कमीच दिसतो. त्यामुळं उन्हाळ्यात आम्ही सकाळी ९ च्या आतच टेस्ट घेतो, एक रन १०-१५ सेकंदांचा, मधे गाडी थंड होऊ देतो. घाई असेल तर त्या दिवशी येऊ नका. बुकिंगला फोन कराल तेव्हा चारही टायरचं माप आणि कपलिंगचं तेल शेवटी कधी बदललं ते सांगा, बदललंच नसेल तर आधी तेल, मग टेस्ट.