सक्तीचे सात्मीकरण : अमेरिकेतील मूलनिवासी कुटुंबे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मूलनिवासी जमातींना त्यांची भाषा, धर्म, पेहराव आणि नातेव्यवस्था सोडायला लावून गोऱ्या समाजात विरघळवून टाकण्याच्या सरकारी धोरणाला सक्तीचे सात्मीकरण म्हणतात. जमिनी हिरावून घेतल्यानंतर हे धोरण थेट घरात शिरले आणि निवासी शाळा हे त्याचे मुख्य हत्यार ठरले.

रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे, लष्कराच्या जुन्या बराकींत अशी पहिली मोठी शाळा काढली. ‘इंडियनाला (म्हणजे मूलनिवासीला) मारा आणि माणसाला वाचवा’ हे त्याचे १८९२ मधील भाषणातले सूत्र होते. पहिल्याच तुकडीत आलेला लाकोटा जमातीचा मुलगा ओटा क्टे याने पुढे लिहून ठेवले आहे की, फळ्यावर अनोळखी खुणा लिहिलेल्या होत्या आणि हातात छडी देऊन त्यांतली एक निवडायला सांगण्यात आले. ती खूण हेच त्याचे नवे नाव होते, ल्यूथर. निवडलेले नाव पांढऱ्या फितीवर लिहून मुलांच्या सदऱ्याच्या पाठीवर शिवले जाई. मग केस कापले गेले. लाकोटा लोकांत केस कापतात ते आप्ताच्या मृत्यूचा शोक म्हणून. आईबापांपासून शेकडो मैल दूर असलेल्या त्या मुलांना कात्री लागताना काय वाटले असेल, हे यावरून कळते. उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना घरी न पाठवता गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरी कामाला ठेवण्याची पद्धत होती, आणि मूल आपल्या माणसांत परतूच नये हाच तिचा हेतू होता.

पालकांनी मुले राजीखुशीने पाठवली, असे म्हणणे सत्याला धरून नाही. म्हशींसारख्या रानबैलांचे, म्हणजे बायसनचे, कळप संपल्यावर मैदानी जमातींचे पोट सरकारी शिध्यावर चाले, आणि तो शिधा मेहरबानी नव्हती, तर कराराने सोडलेल्या जमिनींचा मोबदला होता. तरीही मुलांना शाळेत न पाठवणाऱ्यांचा शिधा रोखण्याची मुभा १८९३ च्या कायद्याने दिली. ॲरिझोनातील १९ होपी पुरुषांना अशाच विरोधापायी १८९५ मध्ये अल्काट्राझ बेटावर कैदेत ठेवण्यात आले.

कार्लाइलची शाळा १९१८ मध्ये बंद झाली, तरी दबाव थांबला नाही. त्याचे रूप तेवढे बदलले. १९५८ ते १९६७ या काळात सरकारच्या पुढाकाराने ३९५ मूलनिवासी मुले मुख्यतः गोऱ्या कुटुंबांना दत्तक देण्यात आली. राज्यांच्या बालकल्याण यंत्रणाही आजीआजोबा आणि मावश्यांनी गजबजलेल्या घराला ‘दुर्लक्ष’ ठरवून मुले उचलत, कारण मूल साऱ्या गोतावळ्याने वाढवायचे ही रीत त्यांच्या चौकटीत बसत नव्हती. सत्तरच्या दशकातील पाहण्यांनुसार २५ ते ३५ टक्के मूलनिवासी मुले आपल्या कुटुंबांपासून दूर होती. त्यावर १९७८ मध्ये इंडियन चाइल्ड वेल्फेअर ॲक्ट झाला; मुलाला प्रथम नातेवाईक, मग जमात असा अग्रक्रम त्याने घालून दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हा कायदा कायम ठेवला.

शाळेत असताना मरण पावलेल्या आणि कार्लाइलच्या स्मशानभूमीत पुरलेल्या मुलांचे अवशेष लष्कर २०१७ पासून त्यांच्या कुटुंबांना परत करीत आहे. तेथील काही दगडांवर मात्र फक्त ‘अज्ञात’ एवढेच कोरलेले आहे.